दिवाळीची गर्दी सांगूनच येते

१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशीची संध्याकाळ. मुंबईहून बिहारमधील रक्सौलकडे निघालेल्या कर्मभूमी एक्स्प्रेसमधून नाशिक रोडजवळ, जेल रोड परिसरात तीन तरुण खाली पडले. दोघांचा जीव गेला, तिसरा गंभीर जखमी झाला. या गाडीला नाशिक रोडला थांबा नाही. ती पुढे निघून गेली आणि रुळांलगत माणसे पडल्याची खबर ओढा स्थानकातून पोलिसांपर्यंत पोहोचली. दिवाळी आणि छठसाठी गावी निघालेल्यांच्या गर्दीचे ते दिवस होते. त्याच्या आदल्या वर्षी, २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, गोरखपूरच्या अंत्योदय एक्स्प्रेसमध्ये जागा धरण्यासाठी वांद्रे टर्मिनसवर चेंगराचेंगरी झाली आणि नऊ जण जखमी झाले.

चालत्या गाडीतून अनवधानाने पडून प्रवाशाचा मृत्यू झाला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली वारसांना आठ लाख रुपये भरपाई मिळू शकते. पण त्यासाठी दावा न्यायाधिकरणात जावे लागते आणि मृत व्यक्ती वैध प्रवासी होती की नाही, हा प्रश्न तिथे उभा राहतो. पहिल्यांदाच शहरात कामाला आलेल्या मुलाच्या घरच्यांना हे सगळे कोण समजावून सांगणार?

आता चांदवडकडून पाहू. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या शहरातून रेल्वे जात नाही. गाडी पकडायची तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या मनमाडला जायचे, नाहीतर लासलगावला. नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेची इथली महाविद्यालये बाहेरगावच्या मुलामुलींनी भरलेली असतात. सुट्टी लागली की ही मुले बॅगा घेऊन बसस्थानकावर उभी राहतात आणि मिळेल त्या एसटीने, नाहीतर काळीपिवळीने मनमाड गाठतात. जळगाव, भुसावळ, अकोला, परभणी, सगळ्या वाटा तिथूनच फुटतात.

सणाच्या तोंडावर मनमाडच्या फलाटावर काय घडते, ते जवळून पाहावे. गाडी लागायच्या आधीच लोक दोन टोकांना पांगलेले असतात, कारण जनरलचे डबे बहुधा इंजिनामागे आणि अगदी शेवटी असतात. गाडी थांबते. दार उघडते, पण आत पाऊल ठेवायला जागा नसते, कारण दारातच गोण्यांवर आणि बॅगांवर माणसे बसलेली असतात. संडासातही चार जण उभे असतात. कुणीतरी मूल खिडकीतून आत देतो आणि त्याची आई अजून फलाटावरच असते. थांबा मोजक्या मिनिटांचा. शिटी होते आणि जे आत शिरले नाहीत, ते दांडी धरून लटकतात. नाशिक रोडजवळच्या त्या बातमीची सुरुवात अशाच एखाद्या दारात होते.

रेल्वे काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी देशभरात विशेष गाड्यांच्या १२ हजारांहून अधिक फेऱ्या जाहीर झाल्या होत्या. वांद्र्याच्या घटनेनंतर मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्थानकांवर फलाट तिकिटांची विक्री थांबवली गेली. हे उपाय गरजेचेच होते. पण विशेष गाडी सुटते मुंबईहून किंवा पुण्याहून आणि जाते थेट उत्तर भारतात. मुंबईची गाडी कल्याण आणि नाशिक रोड करत सुमारे २६० किलोमीटर अंतर कापून मनमाडला येते, तेव्हा तिच्यात उभे राहायलाही जागा नसते. फेऱ्यांचा आकडा कितीही वाढवला, तरी मधल्या स्थानकावरच्या प्रवाशाच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही.

त्याला हवी असते मनमाडहून सुटणारी गाडी. अशा गाड्या होत्या. १९७५ साली सुरू झालेली पंचवटी आजही आहे, आणि नाशिक-मुंबई अप-डाऊन करणाऱ्यांचा संसार तिच्यावर चालतो. मनमाड-मुंबई राज्यराणी मात्र जानेवारी २०२० मध्ये नांदेडपर्यंत नेली गेली. गोदावरी एक्स्प्रेसची कोविडनंतर जुनी घडी बसली नाही. भुसावळ-मुंबई पॅसेंजर तर मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. नांदेडला गाडी हवी होती, याबद्दल वाद नाही. मराठवाड्याने रेल्वेसाठी किती वर्षे वाट पाहिली, हे मनमाडकरांइतके कुणाला ठाऊक असणार! तक्रार एवढीच आहे की नवी गाडी देण्याऐवजी जुनीच ताणली, की एका गावाची सोय दुसऱ्या गावाच्या जागेतून निघते.

गर्दीत भर पडते ती गाड्या रद्द होण्याची. कसारा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. खालून येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तिथे किंवा घाटाखाली काही बिघडले, की अख्खा उत्तर महाराष्ट्र मुंबईपासून तुटतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन गणेशोत्सवात, नागपूर-मुंबई दुरांतोचे डबे वासिंद-आसनगाव दरम्यान घसरले आणि या मार्गाची वाहतूक कोलमडली. पावसाने वाहून नेलेल्या भरावाचा दोष कुणाला देणार?

पण ठरवून घेतलेल्या ब्लॉकचे तसे नाही. ३१ मे २०२४ पासून ठाण्यात ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक झाला. ९३० लोकल आणि ७२ मेल-एक्स्प्रेस गाड्या रद्द झाल्या. फलाट रुंद करणे आणि लांब करणे, दोन्ही कामे प्रवाशांच्याच भल्याची होती. तरी मुले मामाच्या गावाहून परतत असतात ते हेच दिवस, आणि बहुतेकांना तपशील कळला तो ब्लॉकच्या तोंडावर. गाडी रद्द झाली की आरक्षित तिकिटाचे पैसे पूर्ण परत मिळतात, हे खरे. परत मिळत नाही ती जागा. दुसऱ्या गाडीचे आरक्षण तोवर कधीच संपलेले असते. पासधारकाला तर त्या दिवसांचे पैसेही मिळत नाहीत. स्लीपरचे वेटिंग तिकीट शेवटपर्यंत पक्के झाले नाही, तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते आणि माणशी ६० रुपये क्लर्केज कापले जाते. जागा रेल्वे देऊ शकली नाही आणि भुर्दंड मात्र प्रवाशाला, हा नियम बदललाच पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मार्च २०२० पासून बंद आहे. ज्यांना परवडत नाही, ते आजी-आजोबा आता त्याच जनरलच्या दारात उभे असतात.

रेल्वेत जागा मिळाली नाही, की लोक रस्त्यावर येतात. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे; दिवाळीत त्याची अंमलबजावणी शोधावी लागते. आणि रस्ता म्हणजे चांदवडजवळचा राहुड घाट. एप्रिल २०२४ च्या अखेरीस तिथे एसटी आणि ट्रकच्या अपघातात प्रवाशांचे बळी गेले. फलाटावरची गर्दी ओसरली म्हणून धोका टळत नाही, तो महामार्गावर सरकतो.

जळगाव-मनमाड चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ती होईल तेव्हा होईल. पण इगतपुरी-भुसावळ आणि मनमाड-नांदेड अशा अनारक्षित, कमी पल्ल्याच्या जादा गाड्या सणाच्या आठ-दहा दिवसांत सोडायला नवे रूळ लागत नाहीत. ठरलेले ब्लॉक सुट्ट्यांच्या दोन्ही टोकांपासून दूर ठेवायला तर पैसाही लागत नाही. गाडी सुटण्याच्या वेळांना जोडून चांदवड-मनमाड एसटीच्या फेऱ्या रात्री उशिरापर्यंत हव्यात. ते काम राज्याचे आहे.

२०२६ साली हा भार आणखी वाढणार आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि त्यानंतर आठवडाभरात छठ. २००३ च्या सिंहस्थात नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ती आठवण या जिल्ह्यात अजून ताजी आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा त्या दिवसांच्या जादा गाड्यांची यादी ऑगस्टअखेरपर्यंत लोकांच्या हाती पडली पाहिजे, आणि तिच्यात मनमाडहून सुटणाऱ्या गाड्या असल्या पाहिजेत.