फौज आपली, हुकूम कोणाचा?

गाझापट्टीसाठी आंतरराष्ट्रीय स्थैर्य दल उभारण्यास सुरक्षा समितीने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी २८०३ क्रमांकाच्या ठरावाने मान्यता दिली, तेव्हापासून एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. परक्या भूमीवर अनेक राष्ट्रांनी मिळून फौज न्यावयाची, तर माणसे कोणी द्यावयाची, पैसा कोणी मोजावयाचा आणि हुकूम कोणाचा चालावयाचा? हे दल राष्ट्रसंघाच्या निळ्या शिरस्त्राणांचे नव्हे. त्याला राष्ट्रसंघाची संमती आहे, परंतु त्याचे नियंत्रण राष्ट्रसंघाकडे नाही. हा भेद केवळ शाब्दिक आहे असे मानणाऱ्यांना आम्ही आपल्याच मुलखाचा इतिहास चाळण्याची विनंती करू.

बीडहून धाराशिवकडे जाताना वाटेत चौसाळा लागते. आज तेथून सैन्यभरतीला जाणाऱ्या तरुणाला गाझा दूरचे वाटेल. पण त्याचा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता आणि त्या राज्याने संयुक्त मोहिमेची चव पुरेपूर चाखली आहे. १७९० साली इंग्रज, पेशवे आणि निजाम यांनी टिपूविरुद्ध एकजूट केली. करारात जिंकलेल्या मुलखाच्या समान वाटणीची भाषा होती. परंतु प्रत्येकाच्या मनातील हिशेब निराळा होता. नाना फडणविसांना हैदर-टिपूंनी गिळलेला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख परत हवा होता. इंग्रजांना दक्षिणेतील सर्वांत बलिष्ठ शत्रूचे कंबरडे मोडावयाचे होते. निजामाला टिपूइतकीच मराठ्यांचीही धास्ती होती आणि इंग्रजांची मैत्री ही त्या धास्तीवरची मात्रा आहे अशी त्याची समजूत होती. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर श्रीरंगपट्टणला गेल्या. १७९२ च्या तहात टिपूने निम्मे राज्य, तीन कोटी तीस लक्ष रुपये आणि ओलीस म्हणून आपले दोन पुत्र दिले. वाटणी झाली. दोस्तीचे प्रयोजनही तेथेच संपले.

पुढे अवघ्या तीन वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, कालचे दोन दोस्त खर्ड्याला एकमेकांसमोर उभे ठाकले. खर्डा चौसाळ्याच्या पश्चिमेस, फार दूर नाही. निजामाने इंग्रजांकडे डोळे लावले; गव्हर्नर जनरल शोअर यांनी तटस्थता पाळली. टिपूविरुद्ध दिलेल्या मदतीच्या मोबदल्यात आपल्या संकटकाळी मदत मिळेल हे निजामाने गृहीत धरले होते. करारात तसे कलम नव्हते! मराठ्यांनी हा विजय दिमाखाने साजरा केला खरा, परंतु त्या पराभवाने निजाम आणखीच इंग्रजांच्या कुशीत ढकलला गेला, याकडे आमच्या बखरप्रेमी मंडळींचे सहसा लक्ष जात नाही. १७९८ साली निजामाने तैनाती फौज पत्करली. १७९९ च्या अखेरच्या म्हैसूर युद्धात तो पुन्हा सामील झाला, त्याबद्दल त्याला मुलूख मिळाला, आणि १८०० साली तैनाती फौजेच्या खर्चापोटी दोन्ही म्हैसूर युद्धांत मिळालेला मुलूख त्याने कंपनीला देऊन टाकला. पुढे कंटिंजंट नावाची आणखी एक फौज त्याच्या माथी बसली. तिचे अधिकारी इंग्रज आणि तिचा पगार निजामाचा. थकबाकी साचली, तेव्हा १८५३ साली वऱ्हाड, रायचूर दुआब आणि चौसाळ्याला लागून असलेला धाराशिवकडील मुलूख कंपनीकडे गेला. धाराशिव व रायचूर दुआब १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही.

राष्ट्रे परोपकारबुद्धीने फौजा पाठवितात, या समजुतीला इतिहासात फारसा आधार नाही, आणि त्यात लाज वाटण्याजोगेही काही नाही. तुर्कस्तानने १९५० साली कोरियात ब्रिगेड पाठविली आणि १९५२ साली नाटोत प्रवेश मिळविला. १९९१ च्या आखाती युद्धात इजिप्तने सैनिक दिले व त्याच्या कर्जाचा मोठा भाग माफ झाला; जपानने लढणारा एकही सैनिक न धाडता सुमारे तेरा अब्ज डॉलर मोजले. गरीब देश रक्त देतो, श्रीमंत देश हुंडी वटवितो, आणि रणनीतीचा नकाशा बहुधा तिसऱ्याच्याच टेबलावर असतो.

भारताने यात आपली वाट काढली होती. कोरियात त्याने लढाऊ पलटण न पाठविता ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठविली. १९५३ मध्ये मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल थोरात या मराठी सेनानीकडे होते. आणि २००३ साली अमेरिकेने इराकसाठी सुमारे सतरा हजार जवानांची एक डिव्हिजन मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारने १४ जुलै रोजी राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशाअभावी नकार दिला. आमच्या मते तो नकार योग्य होता. सैन्य पाठवावे असे मानणारी वजनदार मंडळी त्या वेळी दिल्लीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाची किंमत कळते.

राष्ट्रसंघाचा आदेश म्हणजे सर्वसंरक्षक कवच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गाझाचाच दाखला घ्यावा. १९५६ पासून तेथे असलेल्या राष्ट्रसंघाच्या आणीबाणी दलात भारतीय पलटण होती. मे १९६७ मध्ये नासर यांनी ते दल काढून घेण्यास सांगितले. आवराआवर चालू असतानाच जूनमध्ये युद्ध पेटले आणि इस्रायली माऱ्यात भारतीय जवान मारले गेले. यजमानाच्या मर्जीवर उभ्या असलेल्या दलाची ती अवस्था होती. नव्या दलापुढे तर हमासची शस्त्रे काढून घेण्याचे काम आहे. हे शांततारक्षण नव्हे, प्रसंगी लढाईच आहे, आणि ती कोणाच्या आज्ञेने लढावयाची याचे उत्तर फौज देणाऱ्या राष्ट्राने आधीच मागून घेतले पाहिजे.

असे निमंत्रण दिल्लीस आले, तर त्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या बंद दारांआड होऊ नये. सेनापती कोण नेमणार, दिलेली पलटण परत बोलावण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, आणि काम संपले हे कोण ठरविणार, याची लेखी उत्तरे पहिली तुकडी विमानात चढण्यापूर्वी संसदेच्या पटलावर ठेवली जावीत.