वेगाची पुस्तकं आणि ब्रेकची गोष्ट

आज पुस्तकांच्या कपाटातला जरा आवाज करणारा कप्पा उघडू या. मोटारींच्या शर्यती! ‘शर्यतीच्या गाड्यांवर आणि त्या चालवणाऱ्यांवर काही चांगलं वाचायला सांगा’ अशी तुमची मागणी आहे, आणि ‘आमच्या चिरंजिवांना गाडीशिवाय दुसरं काही सुचत नाही’ अशी तुमच्या आईबाबांची तक्रार आहे. दोघांनाही आज खूष करायचं आहे!

सातारा-सांगलीकडच्या मुलांना शर्यत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. यात्रा आली की मैदान ठरतं, बैलगाड्या सुटतात, गट, सेमीफायनल, फायनल... कुठल्या बैलाने कुठलं मैदान मारलं हे कित्येकांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असतं. पण याच शर्यती मध्यंतरी बंद होत्या, हेही तुम्हाला आठवत असेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांचे हाल होतात म्हणून बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. अटी साध्या आहेत. गाडीवानाच्या हाती चाबूक नको, काठी नको. थोडक्यात, शर्यत टिकवायची असेल तर नियम हवेत.

मोटारींच्या शर्यतीही हाच धडा शिकल्या, पण फार मोठी किंमत मोजून. ती किंमत कुणी मोजली, आणि मग शहाणपण कसं आलं, हे सांगणारी पाच पुस्तकं आज निवडली आहेत. पाचही इंग्रजीत आहेत. दचकू नका! गाडीचे निम्मे शब्द तुम्हाला आधीच येतात. क्लच, गिअर, ब्रेक, टायर, इंजिन... उरलेल्यांसाठी शब्दकोश आणि मोठी ताई आहेच की.

पहिलं पुस्तक जेराल्ड डोनाल्डसन यांचं ‘फँजिओ’. हुआन मॅन्युअल फँजिओ १९११ साली अर्जेंटिनातल्या बाल्कार्से या लहानशा गावी जन्मला. घरची माणसं इटलीहून पोटासाठी आलेली. पोरवयातच तो गॅरेजमध्ये कामाला लागला. पहिलं जगज्जेतेपद मिळालं तेव्हा तो चाळिशीचा होता, आणि एकूण पाच वेळा तो जगज्जेता झाला! १९५७ ची जर्मनीतली नुर्बुर्गरिंगची शर्यत तर मुळातूनच वाचा. टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला थांबल्यावर हा गडी पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडला. मग एकेका फेरीत स्वतःचाच विक्रम मोडत त्याने पुढच्या दोघांना गाठलं आणि शर्यत जिंकली. वय ४६! पण नंतर तो काय सांगे, ठाऊक आहे? तशी गाडी आपण पूर्वी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा कधी चालवायची इच्छाही नाही, असं. पुढच्याच वर्षी त्याने निवृत्ती घेतली. तो ८४ वर्षं जगला.

त्या दिवशी त्याने मागे टाकलेले दोघे म्हणजे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स. कॉलिन्स पुढच्या वर्षी त्याच नुर्बुर्गरिंगवर गेला. हॉथॉर्न १९५८ चा जगज्जेता झाला, शर्यती सोडल्या, आणि १९५९ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवताना अपघातात गेला. जगज्जेता, पण रस्त्यावर! पुस्तक मिटल्यावर या गोष्टीचा जरा विचार करा.

फँजिओच्या आयुष्यातच १९५५ च्या ल माँचा दिवस येतो. फ्रान्समधली ती चोवीस तासांची शर्यत. एक मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं मेली. फँजिओ लगेच मागे होता. पुढच्या लवेघने मरण्याआधी हात वर करून आपल्याला सावध केलं, असं तो मानत असे. त्यानंतर स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदीच घातली आणि ती साठाहून अधिक वर्षं टिकली. बंदी फक्त आपल्याकडेच आली असं नाही, हे कळलं ना?

दुसरं पुस्तक जॅकी स्टुअर्ट यांचं आत्मचरित्र, ‘विनिंग इज नॉट इनफ’, म्हणजे ‘नुसतं जिंकणं पुरेसं नाही’. १९६६ साली बेल्जियममधल्या स्पा इथे पहिल्याच फेरीत पावसाने गाठलं आणि स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि स्टिअरिंग काढायला साधा पाना नाही! ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दुसरे दोन ड्रायव्हर मदतीला धावले आणि एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्यांनी त्याला सोडवलं. पुढे दवाखान्याकडे निघालेली रुग्णवाहिका वाट चुकली ती वेगळीच. त्यानंतर स्टुअर्ट पाना स्टिअरिंगला चिकटवूनच गाडी चालवू लागला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. सीटबेल्ट हवेत, तोंड झाकणारं हेल्मेट हवं, कठडे हवेत, डॉक्टर हवेत, असं तो जागोजागी भांडत राहिला. लोकांनी त्याला भित्रा म्हणून हिणवलं. या ‘भित्र्या’ने तीन जगज्जेतेपदं आणि २७ शर्यती जिंकल्या.

यात आणखी एक गोष्ट आहे. स्टुअर्टला शाळेत वाचता येत नसे. ‘ढ’ म्हणून त्याची हेटाळणी होई. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. हा डिस्लेक्सिया आहे, अक्षरं ओळखण्याची अडचण आहे, हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळलं. वर्गात कुणी वाचताना अडखळलं, तर हसण्याआधी हे पुस्तक आठवा.

तिसरं पुस्तक निकी लाउडा यांचं ‘टू हेल अँड बॅक’, म्हणजे ‘नरकात जाऊन परत’. १ ऑगस्ट १९७६ ला नुर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. चेहरा भाजला, विषारी धूर फुप्फुसात गेला. दवाखान्यात पाद्र्याने शेवटची प्रार्थनाही म्हटली. आणि सहा आठवड्यांनी हा माणूस इटलीत मोंझाला शर्यतीत उतरून चौथा आला! सगळे इथेच टाळ्या वाजवतात. तुम्ही मात्र थोडं पुढे वाचा. त्याच ऑक्टोबरात जपानमध्ये शेवटची शर्यत होती. मुसळधार पाऊस, समोरचं दिसेना. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने गाडी बाजूला घेतली आणि तो उतरला. इंजिन बिघडलं असं सांगू या, हा आपल्या माणसांनी सुचवलेला बहाणाही त्याने नाकारला. जगज्जेतेपद एका गुणाने गेलं, जेम्स हंटला मिळालं. आता सांगा, मोठं धाडस कुठलं? मोंझाला बसण्याचं, की जपानला उतरण्याचं? घरात जेवताना हा प्रश्न विचारून बघा. भांडण नक्की लागेल!

चौथं पुस्तक एका डॉक्टरचं आहे. प्रोफेसर सिड वॉटकिन्स लंडनमधले मेंदूचे सर्जन. १९७८ पासून ते फॉर्म्युला वनच्या शर्यतींचे डॉक्टर झाले. त्याच वर्षी मोंझाला रॉनी पीटरसनच्या अपघातानंतर पोलिसांनी कडं केलं आणि खुद्द डॉक्टरांनाच पुढे जाऊ दिलं नाही. मग वॉटकिन्स यांनी हट्ट धरला की पहिल्या फेरीत गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरची गाडी धावलीच पाहिजे. त्यांच्या ‘लाइफ ॲट द लिमिट’ या १९९६ च्या पुस्तकात आयर्टन सेनाची आठवण आहे. ३० एप्रिल १९९४ ला इमोलाच्या ट्रॅकवर रोलंड रॅट्झेनबर्गर हा ड्रायव्हर गेला. वॉटकिन्स सेनाला म्हणाले, सोड हे सगळं, आपण मासे पकडायला जाऊ. सेना थांबला नाही. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, तोही गेला. पण त्यानंतर ट्रॅक, गाड्या, हेल्मेट असं सगळं पुन्हा तपासलं गेलं आणि पुढची वीस वर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यतीतल्या अपघातात एकही ड्रायव्हर दगावला नाही. हे पुस्तक नववीच्या पुढच्यांनी वाचावं, आणि शक्यतो आईबाबांसोबत.

पाचवं पुस्तक हात काळे करून घेणाऱ्यांसाठी! एड्रियन न्यूई यांचं ‘हाउ टू बिल्ड अ कार’, २०१७ चं. न्यूई शर्यतीच्या गाड्यांचे आराखडे काढतात. विमानाचा पंख हवेत वर उचलतो, हे तुम्हाला माहीत आहे. शर्यतीच्या गाडीला तोच पंख उलटा लावतात. मग हवा गाडीला खाली दाबते, टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावर गाडी निसटत नाही. अशा कितीतरी युक्त्या चित्रांसकट यात आहेत. सेनाची ती शेवटची गाडी न्यूई यांनीच आखलेली होती. ते ओझं त्यांनी लपवलेलं नाही. आपण बनवलेल्या यंत्रात कुणीतरी बसणार आहे, हे इंजिनिअरने विसरायचं नसतं. किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना आहे, सातारा रोडला कूपरची इंजिनं झाली, साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर बनत असे. तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा अशा ठिकाणी काम करून आले असतील. त्यांना हे पान वाचून दाखवा.

आपल्या देशाचं काय? नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्या वर्षी अमेरिकेत तो चौथा आला, पण त्या शर्यतीत सहाच गाड्या धावल्या. बाकीच्या चौदा गाड्यांचे टायर त्या ट्रॅकच्या एका वळणावर धोक्याचे ठरल्याने त्या सुरुवातीलाच बाजूला झाल्या होत्या. म्हणजे इथेही गोष्ट थांबण्याचीच! आणि ट्रॅक बघायला फार लांब जायला नको. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. फँजिओ गॅरेजमधून आला, आजची बहुतेक पोरं कार्टिंगमधून येतात.

पुस्तकं मिळवायची कशी? ही महाग आहेत, म्हणून एकट्याने विकत घेऊ नका. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात लेखी मागणी करा, पाच-सहा जणांच्या सह्यांची. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. अशा वाचनालयाला वाढदिवसानिमित्त एखादं पुस्तक भेट दिलंत, तर ते तुमच्यानंतर शंभर जण वाचतील. उन्हाळ्यात पाचगणीला गेलात तर शेजारच्या भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत बसून वाचता येतं, मराठी पुस्तकं भरपूर आहेत.

आता आईबाबांशी दोन शब्द. वेगाच्या पुस्तकांनी मुलं बिघडतील असं वाटत असेल, तर एखादं आधी स्वतः चाळा. पाचही पुस्तकांतली माणसं एकच सांगतात, की वेग ट्रॅकवर, आणि तिथेही हेल्मेट, बेल्ट आणि डॉक्टरसह. आपल्याकडे मात्र नववी-दहावीतलं पोर गिअरची गाडी घेऊन क्लासला जातं आणि आपण कौतुकाने बघतो. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. किल्ली लपवून ठेवण्यापेक्षा पोराच्या हाती स्टुअर्टचं पुस्तक द्या. किल्ली शोधून काढतात हो ही मुलं!

आणि दोस्तांनो, एक काम तुमच्याकडे. तुमच्या गावात जुना ड्रायव्हर असेल, एसटी चालवलेला, ट्रक चालवलेला किंवा मैदानात गाडी पळवलेला. त्याला विचारा, ‘तुम्ही थांबायचं कधी ठरवलंत?’ उत्तर एका पानावर लिहून पाठवा. चांगली पत्रं याच सदरात छापू.

तोवर वाचत राहा, आणि मागे बसलात तरी हेल्मेट घाला!