घराजवळचे ऊन कोण टिपणार?

आपल्या मोहल्ल्याचे छापून आलेले फोटो आठवून पाहा. ईदच्या नमाजच्या रांगा. रमजानमधला संध्याकाळचा खाद्यबाजार. काही गडबड झाली तर बंद शटर आणि कोपऱ्यावर उभी पोलिसांची गाडी. वर्षातून चार-पाच दिवस कॅमेरे येतात आणि उरलेले तीनशे साठ दिवस इथे काहीच घडत नसल्यासारखे निघून जातात. बाहेरच्यांनी काढलेल्या या चित्रांवरून आपली ओळख ठरते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. तक्रार खरी आहे. पण या तीनशे साठ दिवसांचे फोटो काढायला आपल्याला कोणी अडवले आहे का?

मी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जुन्या शहरात राहतो. गेले काही हिवाळे मी घराच्या आसपासच्या उजेडाचे फोटो काढतो आहे. विषय म्हणावा असा त्यात काही नसतो. गच्चीवरून दिसणारे क्षितिज, दिल्ली दरवाजाबाहेरचे सलीम अली तळे, त्याच्या शेजारची हिमायत बाग, उत्तरेकडचे डोंगर आणि शहर संपल्यावरची ज्वारी, तूर, हरभरा. ओळखीचे लोक विचारतात, "त्यात काय आहे काढण्यासारखे?" या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणजे हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की उजेड ओळखायचे शिक्षण आपल्याला लहानपणापासून मिळालेले असते, फक्त आपण त्याला ते नाव देत नाही. मशिदीच्या भिंतीवर वर्षभराच्या नमाजवेळांचा तक्ता टांगलेला असतो. तो खरे तर आपल्या गावाच्या उन्हाचा तक्ता आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हे रकाने नीट वाचले तर एक गंमत दिसते. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, म्हणून मगरिबही त्याच दिवशी सगळ्यात लवकर होत असेल, असे आपण धरून चालतो. तक्ता वेगळे सांगतो. आमच्याकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास, पावणेसहाच्या दोन-चार मिनिटे पुढे. डिसेंबरच्या अखेरीस संध्याकाळ पुन्हा लांबू लागलेली असते. सकाळ मात्र उशिरा उजाडतच राहते आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्योदय सात वाजून पाच-सात मिनिटांवर जातो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची सूर्याभोवतीची वाट किंचित लंबगोल आहे, त्यामुळे खरी दुपार घड्याळाच्या मागेपुढे सरकते. म्हणून हा फरक पडतो.

असरचे गणित तर सरळ सावलीचे आहे. शाफई मतानुसार वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी वाढली, की असर सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. दोन्हींत दुपारची मूळ सावली वेगळी धरायची. आता आमच्या शहराचे पाहा. आम्ही साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या २२ तारखेला तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश वर असतो. सहा फूट माणसाची ऐन दुपारची सावली साडेपाच फुटांच्या पुढे जाते. म्हणजे हनफी असरच्या वेळी, सव्वाचारच्या सुमारास, सावली उंचीच्या जवळजवळ तिप्पट झालेली असते.

फोटोग्राफीचे पुस्तक उघडा, चांगल्या उजेडाची वेळ म्हणून जी सांगितली जाते ती हीच. असर ते मगरिब, आणि सकाळी फजर होऊन सूर्य वर आल्यानंतरचा तासभर. कुरआनात अल-फज्र, अश-शम्स, अल-लैल, अद-दुहा, अल-अस्र अशा सूरा आहेत. पहाट, सूर्य, रात्र, चढते ऊन, उतरता दिवस. ज्या माणसाच्या दिवसाचे पाच कोपरे उजेडाने ठरवलेले आहेत, त्याला "त्यात काय आहे काढण्यासारखे?" हा प्रश्न पडू नये.

या तिरप्या उन्हाने आसपासच्या जमिनीचे काय होते, ते पाहण्यासारखे असते. आमचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. अशा खडकाला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला. उन्हाळ्यात दुपारी हा जिना दिसत नाही, सगळा डोंगर एकसारखा भाजलेला वाटतो. डिसेंबरात चार वाजल्यानंतर प्रत्येक पायरीच्या खाली सावलीची रेघ उमटते आणि थर अक्षरशः मोजता येतात. ऑक्टोबरात हिरवे असलेले डोंगरावरचे गवत तोवर वाळलेले असते, त्यावर ऊन पडले की तो उतार पितळेसारखा दिसतो. शेतात तूर पिवळ्या फुलोऱ्यातून शेंगांवर येते, कपाशीची वेचणी चालू असते, जानेवारीत ज्वारी हुरड्यावर येते. पंधरा दिवसांनी त्याच बांधावर जाऊन उभे राहा, दुसरेच शेत समोर असते.

बीबी का मकबरा आम्हा शहरवाल्यांना इतका पाठ झालेला आहे, की आम्ही तिकडे पाहुणे आले तरच जातो. त्याचे प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे या महिन्यांत त्याच्या दर्शनी बाजूवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन फिरत राहते. खालच्या भागाला संगमरवर, वर बरेचसे चुन्याच्या गिलाव्याचे काम. ताजमहालाशी तुलना करून या इमारतीला 'गरिबांचा ताज' म्हणत हिणवले जाते. जानेवारीतल्या सकाळी साडेसातला त्या गिलाव्यावर जो सायीसारखा रंग चढतो, तो पाहिल्यावर तुलना करायची इच्छाच राहत नाही.

आणि मोहल्ल्याच्या आतला हिवाळा? थंडी सुरू झाली, की पूर्वी पिंजारी गल्लीत यायचा. गाद्या-रजया उसवून कापूस पिंजून द्यायचा. हा पिढीजात धंदा करणारी घरे बहुतेक आपल्याच समाजातली. आता कापूस यंत्रावर पिंजला जातो. पण दुकानाच्या दारातून तिरपे ऊन आत आले, की हवेत तरंगणारा कापूस आजही पेटल्यासारखा दिसतो. ते ऊन त्या दारात फार तर दीड-दोन महिने इतके आत येते. सूर्य वर सरकला, की उंबऱ्यावरच थांबते. मोहल्ल्याचे असे चित्र कधी कुठे छापून आले आहे का?

गच्चीवरच्या माझ्या फोटोंनी मला शिकवलेली एक गोष्ट सांगतो. आपण किबल्याला सहज 'पश्चिम' म्हणतो. आमच्या शहरातून मक्केची दिशा नेमक्या पश्चिमेच्या साधारण नऊ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरातला सूर्य पश्चिमेच्या पंचवीसेक अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे किबल्याकडे तोंड करून उभे राहिले, तर सूर्य बराच डाव्या हाताला बुडतो. मग तो रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत एप्रिलच्या मध्याला किबल्याच्या रेषेवर येतो आणि जूनमध्ये ती ओलांडून उजवीकडे जातो. एकाच कठड्यावर फोन ठेवून आठवड्यातून एकदा फोटो काढला, तर हा सगळा प्रवास डोळ्यांना दिसतो. खर्च काहीच नाही.

आता आक्षेप. घरातली काही वडीलधारी माणसे अजूनही फोटोला राजी नसतात. सजीवांच्या चित्रांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, कॅमेऱ्याच्या फोटोविषयीही आहेत, त्यात मी पडत नाही. पण डोंगर, झाड, पाणी, ऊन यांना हरकत घेणारे फार थोडे. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला इब्न अब्बास (रजि.) यांनी झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढायला सांगितल्याचे सहीह बुखारीत आले आहे. म्हणजे निसर्गाचा फोटो हा आपल्यासाठी सगळ्यात बिनवादाचा फोटो. आणि तोच आपण सगळ्यात कमी काढतो.

दुसरीकडे आपल्यात एक सवय आहे. कॅमेऱ्याचा विषय निघाला, की आपण लगेच इब्न अल-हैसमचे नाव घेतो. घ्यावेच. हजार वर्षांपूर्वी त्याने 'किताब अल-मनाझिर' लिहिला, ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत पडणाऱ्या कोरीच्या आकाराच्या प्रतिमेचा अभ्यास केला. पण तो मोठा झाला तो पाहत राहिला म्हणून. त्याच्या नावाचा अभिमान बाळगायचा आणि स्वतःच्या गच्चीवरचे ऊन पाहायचे नाही, हा वारसा मला पटत नाही. शहराच्या तळ्याला ज्यांचे नाव आहे ते सलीम अलीही आयुष्यभर दुर्बीण घेऊन पाहतच राहिले. हिवाळ्यात त्या तळ्यावर पाहुणे पक्षी येतात. आपल्या मुलांपैकी किती जणांनी ते थांबून पाहिले असतील?

सगळ्यात अवघड मुद्दा शेवटी घेतो, कारण तो टाळता येत नाही. दाढी-टोपीतला माणूस पहाटे टेकडीवर किंवा बंधाऱ्यावर कॅमेरा लावून उभा असेल, तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. मला दोन-तीनदा विचारणा झाली आहे. कशाचे फोटो काढताय, कशासाठी, कुठे राहता. एकदा फोनमधले फोटो दाखवावे लागले. पंधरा मिनिटे एकाच डोंगराचे सत्तर फोटो पाहून विचारणारा स्वतःच कंटाळला. तो हसण्यावारी गेलेला प्रसंग होता, पण दर वेळी तसेच होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि तरुण मुलांचे आईबाप त्यांना "कशाला जातोस?" म्हणतात त्यात त्यांचा काही दोष नाही.

तरीही माझे म्हणणे आहे, की टेकडी सोडू नये. मनाई असलेली जागा असेल तर जाऊ नये, एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी जावे, विचारले तर शांतपणे सांगावे. पण ज्या जमिनीवर आपल्या सात पिढ्या पुरल्या आहेत, तिच्याकडे मन भरून पाहायलाही बिचकायचे, हे मान्य करू नये. शहराचे नाव काय असावे यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडणारे पुष्कळ आहेत. त्या शहराचा डोंगर मुरुमासाठी कुठे कुरतडला गेला, मागच्या हिवाळ्यात ज्वारी होती तिथे या हिवाळ्यात प्लॉटचे दगड कधी लागले, हे सांगू शकणारे थोडे. तारीख लिहिलेले, एकाच जागेवरून काढलेले फोटो ते सांगतात. जागेवर हक्क कागदाने सिद्ध होत असेल, आपलेपणा मात्र असा रोजच्या पाहण्यातून येतो.

करून पाहायचे असेल, तर मोठा कॅमेरा लागत नाही. फक्त फोनची एक खोड लक्षात ठेवा. हिवाळ्याचे पिवळे ऊन त्याला चूक वाटते, म्हणून तो रंग आपोआप 'सुधारून' पांढरा करतो आणि सावल्या उजळतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर किंवा ५,०००-५,५०० केल्विनवर ठेवा, उजेड किंचित कमी करा, फिल्टर लावू नका. सकाळी शहरावर थंड हवेच्या झाकणाखाली धूर आणि धूळ अडकते, सूर्य तांबड्या थाळीसारखा दिसतो. फोटो सुंदर येतो, पण तो धूर आहे हेही खाली लिहा. गच्चीवरून काढताना शेजाऱ्यांच्या गच्च्या चौकटीत येऊ देऊ नका. बायाबापड्या उन्हाला बसलेल्या असतात, त्यांना आधी सांगा. घरातल्या मुलींच्या हातात फोन द्या. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर त्यांचा वावर आपल्यापेक्षा जास्त असतो.

जागा एकच ठरवा, वार एकच ठरवा, आणि वेळ मशिदीच्या तक्त्यातली घ्या. फेब्रुवारी संपेपर्यंत बारा-पंधरा फोटो होतील. त्यातले दोन-तीन चांगले निघतील. तेवढे पुरे.