पित्ताशयाचें दुखणें

आमच्या रत्नागिरीकडे "पित्त झालें" या दोन शब्दांत निम्मीं दुखणीं गडप होतात. आंबट ढेकर आले तरी पित्त, डोकें दुखलें तरी पित्त; आणि उपाय सर्वांस एकच, आमसुलाचें सार! अम्लपित्तास तें चालेलही. परंतु जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं उठून पाठीकडे वा उजव्या खांद्याकडे जाणारी, कांहीं तास टिकणारी आणि महिन्या-दोन महिन्यांनीं पुन्हां येणारी कळ बहुधा पित्ताशयांतील खड्यांची असते. ती स्त्रियांना अधिक होते, आणि त्या पंगत उठेपर्यंत कोणास सांगत नाहींत. सोनोग्राफी केल्यास खडे सहसा लगेच दिसतात.

दुसरा घोटाळा 'अश्मरी' या शब्दाचा. सुश्रुतानें वर्णिलेली अश्मरी बस्तींतील, म्हणजे मूत्राशयाची. पाषाणभेदाचा काढा तिच्यावरचा. तोच पित्ताचे खडे फोडील, असें मानण्यास शास्त्राधार नाहीं. तेल व लिंबूरस पिऊन "खडे पडले" म्हणून दाखवितात, ते बहुतेक त्या तेलाचेच साबणासारखे गोळे.

खडे आहेत पण कधीं दुखलें नाहीं, तर सहसा कांहीं करावें लागत नाहीं. कळ वारंवार येत असेल तर मात्र पित्ताशय काढणें हाच खात्रीचा उपाय. तळकट वर्ज्य केल्यानें कळा कमी होतील, खडे जाणार नाहींत. उर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांनाच लागू पडतात; त्याही महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि पुढें पुष्कळांना खडे पुन्हां होतात. ज्यांस शस्त्रक्रिया झेपणार नाहीं, त्यांच्यासाठीं तो मार्ग.

ही शस्त्रक्रिया प्रथम बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं केली. पुढें शंभर वर्षें पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीची रीत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत आणली, आतां तीन-चार लहान छिद्रांतून काम होतें व रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरीं येतो. पिशवी गेली तर अन्न पचेल कसें, ही शंका वडीलधारे हटकून काढतात. पित्त यकृतांत तयार होतें. पिशवी केवळ सांठवणीची.

थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, किंवा कळ पांच-सहा तासांत उतरली नाहीं, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. डोळे पिवळे होणें म्हणजे बहुधा खडा पित्तनलिकेंत अडकलेला. तो तोंडावाटे नळी घालून आधीं काढावा लागतो. आडगांवाहून असा रोगी रात्रीं हलविणें किती कठीण, हें आम्हां कोंकण्यांस सांगावयास नको. म्हणून दुखणें शांत असतांनाच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा. "चातुर्मासाचे उपास होऊं द्या, मग पाहूं," असें घरोघर म्हणतात. पण पोट फार वेळ रिकामें राहिलें कीं पित्त पिशवींतच सांचून दाट होतें.