फ्रेमची कड यंत्रावर सोडू नये
स्वयंचलित छपाई यंत्रात निगेटिव्ह सरकवली की फ्रेम आपोआप नेमकी बसते, हा समज अर्धाच खरा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर साधारण आठ छिद्रांचे, म्हणजे ३८ मिलिमीटर असते. पण पहिली फ्रेम कुठे सुरू होईल हे कॅमेऱ्यागणिक बदलते. म्हणून यंत्राचा सेन्सर दोन फ्रेममधली पारदर्शक पट्टी शोधतो. रात्रीचे काळे आकाशही निगेटिव्हवर पारदर्शकच उमटते. मग कड हरवते आणि चित्र कापले जाते. प्रत्येक फ्रेम तपासायला वेळ नाही, हा लॅबचालकांचा आक्षेप रास्त आहे. पण सगळ्या तपासायच्याच कशाला? कड सापडत नाही तिथे यंत्राने अंदाजाने छापू नये, थांबावे; चालकाने पडद्यावर पाहून फ्रेम सरकवावी. जुन्या लग्नांच्या निगेटिव्हमध्ये कडेला उभ्या आजीचा तो एकमेव फोटो असू शकतो. त्यासाठी लॅबने थोडे जास्त पैसे मागितले, तर ग्राहकाने ते द्यावेत.