गाईची पिशवी मेंढराला नको

"डाक्टर, जे गाईच्या अंगी लागतं ते मेंढराच्या का लागू नये?"

पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवर आबांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्यापुढे दोन मेंढ्या मरून पडल्या होत्या. तिसरी मान टाकून उभी होती. तिची पापणी उलटून पाहिली तर आत हळदीसारखा पिवळा रंग. लघवी म्हणाल तर कोऱ्या चहासारखी काळपट तांबडी.

घरात दोन संकरित गाई. डेअरीला दूध जाते, म्हणून गाईंसाठी खनिज मिश्रणाची पिशवी आणलेली. गाईंना त्याचा गुण आला, तेव्हा सूनबाईंनी मेंढ्यांच्या भरड्यातही रोज अर्धी अर्धी मूठ टाकायला सुरुवात केली. त्यांचा हेतू चांगलाच होता. तीन महिने काही झाले नाही, उलट मेंढ्या तुकतुकीत दिसू लागल्या. मग एका रात्री वळवाचा पाऊस झाला, मेंढरे रात्रभर भिजली आणि दुसऱ्या दिवसापासून ही मर सुरू झाली. कुणी म्हणाले विषारी पाला खाल्ला, कुणी म्हणाले नजर लागली. खरे कारण त्या पिशवीतले तांबे होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तांबे हे मेंढीला लागतेच, पण फार थोडे. दिवसाकाठी किलोभर सुका चारा खाणाऱ्या मेंढीला सात ते अकरा मिलिग्रॅम तांबे पुरते, आणि बहुतेक वेळा तेवढे चाऱ्यातूनच मिळते. गाईच्या पोटात जास्तीचे तांबे गेले तर तिचे काळीज ते पित्तावाटे बऱ्यापैकी बाहेर टाकते. शेळीलाही मेंढीपेक्षा जास्त सोसते. मेंढीचे काळीज मात्र कंजूष सावकारासारखे आहे. आलेले तांबे साठवून ठेवते, बाहेर सोडत नाही. कोठार गच्च भरले तरी वरून काही कळत नाही. मग कधी पाऊस, कधी उपासमार, कधी लांबचा प्रवास, कधी विण्याचा ताण असे एखादे निमित्त होते आणि साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डोळे पिवळे आणि लघवी काळी. एकदा एवढे झाले की जनावर बहुधा एक-दोन दिवसांत जाते.

आता पिशवीचा हिशेब करू. पिशवीवर तांबे, म्हणजे कॉपर, ०.१ टक्का लिहिले असेल तर एका किलोत एक ग्रॅम, म्हणजे हजार मिलिग्रॅम झाले. दहा ग्रॅम मिश्रणात दहा मिलिग्रॅम. सूनबाईंची अर्धी मूठ मी तागडीत टाकून पाहिली, ती पंचवीस ग्रॅम भरली. म्हणजे चाऱ्यातले तांबे वेगळेच, वरून रोज आणखी पंचवीस मिलिग्रॅम. चारशे किलोच्या गाईला हा आकडा काहीच नाही. तीस किलोच्या मेंढीला तो हळूहळू जीवावर बेततो.

आपल्या जिल्ह्यात हा धोका वाढण्याचे कारण उघड आहे. नगर (आताचे अहिल्यानगर) हा जिल्हा दुधाचाही आहे आणि दख्खनी मेंढीचाही. एकाच अंगणात गाय आणि मेंढी, आणि गव्हाणीवर हात एकाच माउलीचा. त्यातही चरायला जाणाऱ्या कळपापेक्षा दावणीला बांधून खुराकावर वाढवलेल्या मेंढ्याला, उदाहरणार्थ बकरी ईदसाठी तयार केलेल्याला, भीती जास्त, कारण गाईचे सुग्रासही त्याच्याच पुढे येते.

पिशवीखेरीज इतर वाटाही आहेत. कोंबड्यांच्या शेडमधले खत खाद्यात मिसळण्याची टूम काही जण काढतात. कोंबडीच्या खाद्यातले तांबे त्या खतात उतरते, म्हणून ते मेंढीला कधीच देऊ नये. राहाता, संगमनेरकडच्या डाळिंबाच्या बागांत बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्या झाडांखालचे गवत फुकट मिळते म्हणून कळप घालू नका. बागायतदाराला आधी विचारा, काय फवारले आणि कधी. मोरचूद हे तांब्याचेच मीठ. पावसाळ्यात खूर कुजले की मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवायची जुनी रीत आहे, पण तहानलेले मेंढरू ते पाणी पिते. त्याऐवजी दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घ्या. तेही पिऊ देऊ नकाच.

एवढे वाचून कुणी तांब्याला अगदीच शत्रू समजू नये. तांबे कमी पडले तर कोकरे मागच्या पायांनी लुळी जन्मतात आणि काळ्या लोकरीचा रंग उडून ती करडी, तांबूस दिसू लागते. घोंगडीवाल्याच्या नजरेला हे पहिल्यांदा पडते. मात्र अशा वेळी मनाने मोरचूद पाजणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे.

मग द्यायचे काय? खडे मीठ मेंढीमागे पाच ते दहा ग्रॅम आणि जवळ भरपूर पाणी. बांधाचा पाला, बाभळीच्या शेंगा, जमल्यास थोडा घास. खनिज मिश्रण घ्यायचेच तर मेंढीसाठी म्हणून केलेले, तांबे न घातलेले घ्या. "सर्व जनावरांसाठी" एवढ्या शब्दांवर भुलू नका. दुकानदाराला विचारण्यापेक्षा शाळेत जाणाऱ्या पोराकडून पिशवीवरची कॉपरची ओळ वाचून घ्या. चाटण विटांनाही हेच लागू. काही विटा गाईंसाठी केलेल्या असतात आणि मेंढरू तर दिवसभर चाटते.

पिवळे डोळे गोचिडांच्या तापातही दिसतात, म्हणून घाईने निदान करू नये. पण कळपात असे एक जनावर दिसले की खुराक त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. मेलेले जनावर कापून खाऊ नका, डॉक्टरांकडून फाडून पाहून घ्या. या विषबाधेत मूत्रपिंडे निळसर काळी पडलेली दिसतात, काळजाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवता येतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या बाकीच्या मेंढ्यांचीही काळजे भरलेलीच असतात. त्यांच्यासाठी अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट असे औषध आहे, मात्र ते मापून द्यायचे काम डॉक्टरांचे. त्या काळात कळप हाकलू नका, बाजाराला नेऊ नका, उपाशी ठेवू नका. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांनी तर निघण्याआधीच हे पाहावे.

आबांची तिसरी मेंढी दुसऱ्या दिवशी गेली. उरलेल्या सात औषधावर तगल्या. सूनबाई पिशवी उकिरड्यावर टाकायला निघाल्या होत्या. मी म्हटले, "टाकू नका, गाईंना चालू द्या. फक्त उंच फळीवर ठेवा, मेंढरांच्या भरड्याच्या डब्याजवळ नको." त्यांनी कोळशाने पिशवीवर गाईचे शिंग काढले, म्हणजे घरातले कुणीही खुराक घालायला गेले तरी घोटाळा नको.