ध्यानमंडप : शोभेची वास्तू की चिकित्सेचे अंग?

अलीकडच्या काळात पंचकर्म केंद्रांच्या व आयुर्वेदीय रुग्णालयांच्या आवारात ध्यानमंडप उभारण्याची प्रथा रूढ होत चालली आहे. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार चरकाचार्यांनी सांगितले. त्यांपैकी सत्त्वावजयाकडे आपल्या व्यवहारात दीर्घकाळ दुर्लक्षच झाले. त्या दृष्टीने ही प्रथा स्वागतार्ह आहे. परंतु ज्या स्वरूपात हे मंडप उभे राहत आहेत, ते पाहता काही विचार वैद्यबंधूंसमोर मांडणे आवश्यक वाटते.

सामान्यतः दोन प्रकारचे मंडप आढळतात. पहिला चहूबाजूंनी मोकळा, संगमरवरी फरशीचा व घुमटाचा. दुसरा काचेच्या भिंतींचा, वातानुकूलित, बाहेरची हिरवळ केवळ दाखवणारा. माहितीपत्रकात दोहोंचे वर्णन ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असेच असते. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्यात रुग्ण निसर्गाच्या तडाख्यात सापडतो आणि दुसऱ्यात तो निसर्गापासून तुटतो. सान्निध्य दोहोंतही साधत नाही.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रात श्रावणातील पहाटे असा मोकळा मंडप पाहण्याचा योग आला. संधिवाताची एक वृद्ध रुग्णा पाच पायऱ्या दुसऱ्याच्या आधाराने चढून आली. आधीच्या दोन दिवसांत तिचे स्नेहन-स्वेदन झाले होते. थंडगार फरशीवर सतरंजी घालून ती बसली. नैर्ऋत्येकडून तुषार येत होते. अर्ध्या घटकेत तिने गुडघे पदराखाली झाकून घेतले व पुढे डोळे मिटलेच नाहीत. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतो हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. बाष्प, शीत व तुषार यांपासून मुक्त जागी या ऋतूत राहावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. मग बस्तीने जो वात शमवायचा, तोच मंडपात बसवून वाढवायचा, याला काय म्हणावे?

वस्तुतः या विषयात आपल्याला बाहेर कोठे पाहण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी कसे गृह सिद्ध करावे, याचे वर्णन आहे. ते दृढ असावे. निवात असावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळता असावा. आत सुखाने हिंडता-फिरता यावे. धूर, ऊन, पाणी, धूळ आणि अप्रिय शब्द-गंधादींचा तेथे प्रवेश नसावा. हे काम वास्तुविद्येत कुशल असलेल्याकडून करवावे, असेही आचार्य सांगतात. चिकित्सास्थानात रसायनासाठी जी कुटी वर्णिली आहे, ती जाड भिंतींची, लहान झरोक्यांची, सर्व ऋतूंत सुखकर आणि मनाला प्रिय अशी आहे. ‘निवात’ आणि ‘प्रवातैकदेश’ ही दोन पदे एकत्र वाचली, की मंडपाचा अर्धा नकाशा तयार होतो.

आपल्या प्रदेशात त्याचा अर्थ काय? पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून येतात. उन्हाळ्यातील तापदायक ऊन दुपारनंतर पश्चिमेचे असते. म्हणून दक्षिण व पश्चिम या बाजूंस जांभ्याची किंवा विटांची जाड भिंत असावी आणि पूर्व व उत्तर बाजू मोकळ्या असाव्यात. सकाळचे कोवळे ऊन मिळते, झाडे दिसतात, पक्ष्यांचा आवाज येतो आणि पाठीला वारा लागत नाही.

भिंत आली की निसर्ग दुरावतो, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांनी मुंबईजवळील कान्हेरीची लेणी एकवार या दृष्टीने पाहावीत. शंभराहून अधिक लेणी तेथे आहेत. त्यांतील अनेकांत पुढे ओसरी, आत खोली, बसण्यासाठी दगडी ओटा आणि जवळच पाण्याचे टाके, अशी रचना दिसते. कोकणचा पाऊस त्या भिक्षूंनाही चुकला नव्हता. त्यांनी जंगलात राहूनही डोक्यावर छप्पर, पाठीशी कातळ आणि समोर ओसरी ठेवली. निसर्गाशी नाते जोडण्यासाठी उघड्यावर बसावे लागत नाही; योग्य बाजूस तोंड करून बसावे लागते.

आधुनिक संशोधनही याला पूरक आहे. रॉजर उलरिक यांनी 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या 23 रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी 7.96 दिवसांचा होता; ज्यांना विटांची भिंत दिसत होती, त्यांचा 8.70 दिवसांचा. तीव्र वेदनाशामकेही पहिल्या गटाला कमी लागली. हे रुग्ण उघड्यावर नव्हते, खोलीतच होते.

आता झाडांविषयी. अनेक मंडपांभोवती ‘अशोक’ म्हणून आसोपालवाची सरळसोट रांग लावलेली असते. औषधी अशोक तो नव्हे. खऱ्या सीताअशोकाच्या सालीत याच आसोपालवाच्या सालीची भेसळ होते, ही औषधनिर्मात्यांची नित्याची तक्रार आहे. आणि सीताअशोक आज संकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो. वैद्याच्या दारातच खोटा अशोक असावा, ही खेदाची गोष्ट आहे. मंडपाभोवती सीताअशोक, बकुळ, कदंब, बेल लावावेत. साल काढण्यासाठी नव्हे, तर ओळख आणि बीज टिकावे म्हणून. औषधनिर्माते बंधूंनी रोपे पुरवण्याचे दायित्व घेतल्यास हे सहज घडेल. ज्यांची निर्मितिशाळा रुग्णालयाच्याच आवारात आहे, त्यांनी चूर्णयंत्राचा आवाज व भट्टीचा धूर मंडपापर्यंत पोहोचत नाही ना, हेही पाहावे.

व्यवहाराच्या काही सूचना करतो. वीस जणांसाठी 30 फूट × 20 फूट जागा पुरेशी आहे. उतरते कौलारू छप्पर व चार फुटांची पागोळी असावी. जोते दीड फूट उंच ठेवल्यास पायऱ्यांबरोबर 18 फूट लांबीचा उतार व कठडा करावा. संगमरवराऐवजी शहाबादी फरशी व तिच्यावर लाकडी पाट किंवा जाड चटई असावी. गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी भिंतीलगत बाक असावा. घुमट टाळावा, कारण त्यात खोकल्याचाही प्रतिध्वनी उमटतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाया खणण्यापूर्वी नियोजित जागी निदान वर्षभर, प्रत्येक ऋतूत, पहाटे व सायंकाळी वैद्याने स्वतः बसून पाहावे.

औषधाची मात्रा ठरवताना आपण देश, काल, बल पाहतो. मंडप बांधताना तेच पाहिले, तर तो चिकित्सेचे अंग होईल; अन्यथा तो केवळ माहितीपत्रकातील छायाचित्रापुरता उरेल. कोणता मंडप बांधायचा, हा निर्णय शिल्पकारावर न सोडता वैद्याने घ्यावा, एवढीच नम्र विनंती.